पेल्व्हिक फिजिओथेरपीची पहिली भेट: जाण्याआधी, तपासणीत आणि नंतर

शिंकताना लघवी सुटते. इंदूरच्या राजवाड्याहून घरी पोहोचेपर्यंत धीर निघत नाही आणि कुलूप उघडता उघडता कपडे ओले होतात. खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. संबंधाच्या वेळी आग होते. बाळंतपणाला वर्ष झालं तरी टाक्यांची जागा दुखते. यातल्या कुठल्याही तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ चिठ्ठीवर ‘पेल्व्हिक फ्लोअर फिजिओ’ असं लिहून देतात, आणि ती चिठ्ठी पर्समध्ये महिनोन्‌महिने पडून राहते. कारण बहुतेकदा एकच असतं: तिथे नेमकं काय करतात हे कोणी सांगितलेलं नसतं.

आधी थोडं शरीराबद्दल. पुढच्या जघनाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर बाळाच्या झोळीसारखा ताणलेला असतो. यालाच ‘पेल्व्हिक फ्लोअर’ म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग या झोळीच्या आधाराने राहतात, आणि मूत्रमार्ग, योनी, गुदद्वार या तिन्ही वाटा तिच्यातून खाली येतात. झोळी दोन तऱ्हांनी बिघडते. कधी सैल पडते, तर कधी इतकी आवळून बसते की सोडता येत नाही. लघवी गळणं दोन्हींत होऊ शकतं, उपाय मात्र उलटे आहेत. म्हणून व्हिडिओ बघून ‘कीगल’, म्हणजे हे स्नायू आवळण्याचे व्यायाम, सुरू करणं हा जुगार आहे. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, तेव्हा आकुंचनाचा दाब मोजणारं उपकरणही सोबत वापरलं होतं. व्यायाम जगभर पोहोचला, मोजणं मागे राहिलं. पहिल्या भेटीत मुख्य काम तेच असतं: तुमची झोळी सैल आहे की आवळलेली, हे ठरवणं.

कोणाकडे जायचं

इंदूरात गीताभवन-पलासिया भागात दवाखान्यांची कमी नाही, पण फिजिओथेरपीच्या बहुतेक पाट्या गुडघा, कंबर आणि मान यांच्यासाठीच्या असतात. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरोलॉजिस्ट यांनाच नाव विचारलेलं बरं. बीपीटी ही फिजिओथेरपीची मूळ पदवी. त्यावर स्त्रियांच्या आरोग्यात एमपीटी (पदव्युत्तर पदवी) किंवा पेल्व्हिक फ्लोअरचं स्वतंत्र प्रशिक्षण हवं. फोनवर चार गोष्टी विचारा. तपासणारी बाई आहे का? दार लागणारी खोली आहे की नुसता पडदा? पहिल्या भेटीला किती वेळ देता? आतून तपासणी स्वतः करता का, आणि नको असेल तर काय करता? पहिल्या भेटीला ४५ मिनिटं ते तासभर लागतो. ‘दहा दिवस मशीन लावू, बरं होईल’ असं न तपासताच सांगितलं, तर दुसरा नंबर फिरवा.

तीन दिवसांची वही

भेटीच्या आधीच्या आठवड्यात हे एक काम केलंत, तर अर्धं निदान तुम्हीच घेऊन जाता. मिलिलिटरच्या रेषा असलेला प्लास्टिकचा जुना मापाचा मग बाथरूमसाठी वेगळा काढा. सलग ३ दिवस, त्यातला एक तरी धावपळीचा, प्रत्येक वेळची लघवी मोजून लिहा. रकाने पाच: वेळ, काय आणि किती प्यायलात, किती मिली लघवी झाली, घाई किती (० ते ३), गळती झाली का आणि तेव्हा काय करत होतात. उदाहरणार्थ: ‘७.१० – ३५० मिली – घाई १. ७.३० – चहा १ कप. ९.०० – १२० मिली – घाई ३, कुलूप उघडताना थेंब.’

हे आकडे बरंच बोलतात. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावतं. पहिली जाणीव १५०-२०० मिलीला होते. दिवसा ७-८ वेळा आणि रात्री फार तर एकदा जाणं हे ठीक. दर वेळी १००-१२० मिली आणि दिवसात चौदा फेऱ्या दिसल्या, तर मूत्राशयाला लवकर हाक मारायची सवय लागली आहे. दर वेळी भरपूर होते आणि २४ तासांची बेरीज तीन लिटरकडे जाते, तर आधी पिणं बघायचं आणि साखर तपासायची. एकूण लघवीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग रात्री होत असेल, तर दोष मूत्राशयाचा नसूनही झोप मोडते. पायावरची सूज, संध्याकाळी घेतलेली बीपीची लघवीची गोळी, झोपेतलं घोरणं, अशी कारणं मग डॉक्टर शोधतात.

वही हमखास फसते ती दोन ठिकाणी. एक, रात्री बसून आठवून लिहिणं. दोन, ‘निघतेच आहे तर जाऊन घेते’ या फेऱ्या न लिहिणं. त्याही लिहा आणि त्यांच्यापुढे फुली मारा. देशात स्वच्छतेत पहिल्या आलेल्या या शहरात स्वच्छतागृह शोधणं तुलनेने सोपं आहे. त्याचा तोटा असा, की प्रत्येक चौकात ‘जाऊन घेण्याची’ सवयही सहज लागते. तीन दिवस मोजणं जमणारच नसेल, तर निदान एक पूर्ण दिवस आणि रात्र लिहा. काहीच नसण्यापेक्षा ते खूप चांगलं.

वहीसोबत सोनोग्राफी आणि लघवीच्या तपासणीचे रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद आणि चालू औषधांची यादी न्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचीही नोंद करा, त्यांनी शौचाला घट्ट होते. बाळंतपणांचा तपशील हवा: नॉर्मल की सिझेरियन, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला होता का, सर्वांत मोठ्या बाळाचं वजन, टाके किती खोल होते, कळा देण्यात किती वेळ गेला.

जायच्या दिवशी

केस काढायची गरज नाही. आतून साबणाने किंवा कुठल्या वॉशने धुवायचं तर मुळीच नाही, नेहमीची अंघोळ पुरे. उपाशी जाऊ नका. पाळी चालू असली तर फोन करून सांगा. बोलणं आणि बाहेरची तपासणी होऊ शकते, आतली पुढे ढकलता येते. साडी चालते. सलवार सैल असली की पुरे. सोबत एक जास्तीची चड्डी, पॅड आणि हवी तर स्वतःची चादर ठेवा. लघवी करून जावं की नाही हे आधीच विचारा, कारण खोकून गळती बघायची असेल तर मूत्राशय थोडं भरलेलं लागतं.

सोबत कोणी आलं तर उत्तम, पण प्रश्नोत्तरांच्या वेळी सासूबाई, आई, नवरा यांना बाहेर बसू द्या. त्यांच्यासमोर ‘संबंधाच्या वेळी दुखतं का?’ याचं उत्तर नेहमी ‘नाही’ असंच येतं. तपासणीपुरतं कोणी आपलं माणूस आत हवं असेल, तर तसं सांगायचा हक्क तुमचा आहे.

शब्दांची पंचाईत

घरी मराठी आणि दवाखान्यात हिंदी, हा इंदूरच्या मराठी बायकांचा रोजचा मामला. पण नेमकी ही तक्रार आपण हिंदीत कधी बोललेली नसते. म्हणून काही जोड्या डोक्यात ठेवा. लघवी सुटणे म्हणजे ‘पेशाब छूटना’. पिशवी म्हणजे ‘बच्चेदानी’. अंग बाहेर येणे म्हणजे ‘बच्चेदानी नीचे आना’ किंवा ‘नीचे गाँठ जैसा लगना’. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे ‘सफ़ेद पानी’. ओटीपोट म्हणजे ‘पेडू’, माकडहाड म्हणजे ‘टेलबोन’, पाळी म्हणजे ‘महीना’. ‘वहाँ दर्द होता है’ एवढ्यावर थांबू नका. लघवीच्या जागी, योनीच्या तोंडाशी, आत खोल, की मागे गुदद्वाराशी, हे बोटाने दाखवलं तरी चालतं. बऱ्याच ठिकाणी टेबलावर प्लास्टिकचं मॉडेल असतं, त्यावर दाखवा.

आणखी एक गोम. ‘जोर लगाओ’ म्हटलं की आपण शौचाला लावतो तसा खाली जोर देतो. थेरपिस्टला पाहिजे असतं ते वर आणि आत ओढून घेणं. शंका आली तर लगेच विचारा: ऊपर खींचूँ या नीचे धकेलूँ?

प्रश्न काय असतात

पहिली वीस-पंचवीस मिनिटं बोलण्यातच जातात. गळती खोकताना होते की घाई लागल्यावर. दिवसाला किती पॅड. लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटते का. शौचाला कुंथावं लागतं का, बोटाने आधार द्यावा लागतो का. वारा अडवता येतो का. संबंधात दुखणं सुरुवातीला की खोलवर. पाळी थांबली का. शौचाचा प्रकार विचारताना ब्रिस्टल तक्ता पुढे ठेवतात. त्यात १ म्हणजे लेंड्या आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी, ३-४ असलेलं चांगलं. मागे कोणी बळजबरी केली होती का, असाही प्रश्न येऊ शकतो. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ‘त्याबद्दल आज नको, पण हळू तपासा’ एवढं सांगितलं तरी थेरपिस्टला पुढचं कळतं.

बाहेरची तपासणी

कपडे अंगावर असतानाच सुरुवात होते. उभं राहण्याची ढब, श्वास, कंबर आणि खुब्याची हालचाल बघतात. झोपवून डोकं थोडं उचलायला सांगतात आणि पोटाच्या मधल्या रेषेत बोटं ठेवतात. बेंबीजवळ दोन बोटांहून जास्त फट असेल, तर पोटाचे स्नायू बाळंतपणानंतर अजून दूर आहेत. सिझेरियनचा व्रण त्वचेखाली सरकतो की चिकटून बसलाय, तेही बघतात.

श्वासाकडे मुद्दाम लक्ष देतात. श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली उतरतो तसा झोळीचा थरही किंचित खाली जातो, सोडताना दोन्ही वर येतात. पोट कायम आत ओढून ठेवणाऱ्या बाईचा हा पंप अडकलेला असतो. बाळंतपणात सुती साडीने पोट करकचून बांधायची आपली रीत इथेच नडते. पट्टा आधारापुरता असेल तर ठीक. पण तो आवळला की पोटातला दाब खाली, नुकत्याच ताणलेल्या स्नायूंवर जातो. टाक्यांवर शेक-शेगडी घेऊ नका. ती जागा काही काळ बधिर असते आणि भाजलेलं कळत नाही.

आतली तपासणी

ही करायलाच हवी असं नाही. तुमच्या स्पष्ट होकाराशिवाय ती होत नाही, आणि होकार दिल्यावरही मध्येच ‘थांबा’ म्हणता येतं. बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील, योनीत जंतुसंसर्ग असेल, किंवा गरोदरपणात वार खाली असल्याने डॉक्टरांनी मनाई केली असेल, तर ती करत नाहीत. संबंध आलेले नाहीत अशा मुलीची योनीतून तपासणी करायची गरज नसते. बाहेरून बघून, मांडीच्या आतून किंवा बैठकीच्या हाडांजवळ बोट ठेवून, किंवा पोटावरून सोनोग्राफी करून आकुंचन कळतं.

क्रम साधारण असा. थेरपिस्ट बाहेर जातात, तुम्ही कमरेखालचे कपडे काढून चादर घेता. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे. हातमोजे आणि जेली वापरतात. लॅटेक्सची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. स्त्रीरोगतज्ज्ञ वापरतात ते धातूचं उपकरण इथे सहसा नसतं. आधी नुसतं बघतात: आवळा, सोडा, खोका. आवळताना योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग वर-आत जायला हवा, खोकताना तो खाली फुगायला नको. मग एकच बोट, तीन-चार सेंटिमीटर आत. घड्याळ कल्पून सांगतात: १२ म्हणजे मूत्रमार्गाची बाजू, ६ म्हणजे गुदद्वाराची. ४-५ आणि ७-८ च्या जागी मुख्य स्नायू हाताला लागतात. तिथे दाबल्यावर दुखलं तर ० ते १० मध्ये किती ते सांगायचं. ‘सोसेन की’ म्हणून आकडा कमी सांगू नका, सगळं निदान त्यावर ठरतं.

मग ताकद मोजतात. त्यासाठी ऑक्सफर्ड मापन वापरतात: ० म्हणजे हालचालच नाही, १ नुसती फडफड, २ कमजोर, ३ म्हणजे वर उचलणं जाणवतं, ४ चांगलं, ५ घट्ट. एकदा आवळून किती सेकंद टिकतं, असं किती वेळा जमतं, झटपट किती होतात, हेही मोजतात. सर्वांत दुर्लक्षित भाग शेवटी येतो: सोडल्यावर स्नायू पूर्ण सुटतो का. आवळणं ४ आणि सोडणं शून्य, असा निकाल लागला तर तुम्हाला कीगल देणार नाहीत. अंग खाली येण्याची तक्रार असेल तर कुंथायला लावून, कधी उभं करून बघतात.

हे सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपतं. घरी गेल्यावर दिवसभर थोडं ठणकू शकतं. रक्त जाऊ लागलं किंवा दुखणं वाढत गेलं तर फोन करा.

पहिल्याच आवळण्यात चुका होणं नेहमीचंच. श्वास रोखला जातो, नितंब आणि मांड्या आवळतात, पोट आत जातं आणि स्नायू मात्र जागचा हलत नाही. सर्वांत वाईट म्हणजे वर ओढण्याऐवजी खाली ढकलणं, कारण त्याने अंग बाहेर येण्याची तक्रार वाढते. योगवर्गात मूलबंध शिकलेल्यांना जागा लवकर सापडते. पण श्वास कोंडून बंध धरायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागते.

घरी काय करायला देतात

सैल झोळीसाठी: वारा आणि लघवी एकदमच अडवल्यासारखं वर ओढायचं, तुमच्या मापाइतके सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. ३ सेकंदच टिकत असेल तर सुरुवात ३ नेच. हळूहळू ८-१० पर्यंत जायचं. एका वेळी निदान ८, दिवसातून ३ वेळा, शिवाय झटपट १०. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने. तीन महिने सलग केल्याशिवाय ‘उपयोग नाही’ असा निकाल देऊ नका. स्नायू वाढायला तेवढा वेळ घेतोच. यासोबतची एक युक्ती मात्र पहिल्या आठवड्यातच कामी येते: खोकला, शिंक किंवा पाण्याची बादली उचलणं यांच्या अर्धा सेकंद आधी आवळायचं. लघवी मध्येच थांबवून व्यायाम करू नका. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

आवळलेल्या झोळीसाठी: पोटात श्वास घेताना बैठक खाली पसरतेय अशी जाणीव, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. बालासन, आणि पाटावर टेकून मालासन. संबंधात दुखत असेल तर लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर, म्हणजे योनीत घालायच्या गुळगुळीत कांड्या, देतात. पुढचा आकार घ्यायचा तो आधीचा अजिबात दुखत नसेल तेव्हाच. घाई केलीत तर स्नायू पुन्हा आवळतो आणि दोन आठवडे मागे जाता.

घाईसाठी: कळ आली की धावू नका. जागीच थांबा किंवा बसा, पाच-सहा झटपट आवळा, कळ ओसरू द्या, मग चालत जा. दोन फेऱ्यांमधलं अंतर दर आठवड्याला साधारण १५ मिनिटांनी वाढवायचं. चहा दिवसात पाच कप असेल तर दोनवर आणून बघा. पाणी मात्र तोडू नका. दिवसाला दीड-दोन लिटर, मे महिन्यात आणखी. हरितालिकेला निर्जळी केलीत, तर दाट लघवीने मूत्राशय चिडतं आणि घाई वाढते. औषधं चालू असलेल्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती करूच नये.

शौचासाठी: कमोड असेल तर पायाखाली १५-२० सेंटिमीटरचा पाट, गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांडीवर, तोंड उघडं ठेवून श्वास सोडत. गुदद्वाराला मागून वळसा घालणारा स्नायू या बैठकीत सैल पडतो. उकिडवं बसता येत असेल तर भारतीय संडासात हे आपोआप होतं. इसबगोल घ्याल तर भरपूर पाण्यासोबत, नाहीतर तेच अडकून बसतं. उपासाच्या दिवसांत साबुदाण्याच्या खिचडीवर भागवत असाल तर सोबत फळं वाढवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ, त्यात चोथा नाहीच.

मशीनचा प्रश्न निघतोच. बायोफीडबॅकमध्ये पडद्यावर आलेख दिसतो, आवळणं-सोडणं कळायला त्याचा उपयोग होतो. विजेचा सौम्य झटका देणारं यंत्र स्वतःहून आकुंचन जमतच नाही अशांसाठी. गरोदरपणात आणि पेसमेकर असताना ते वापरत नाहीत. आत घालायचा प्रोब तुमचा स्वतःचा, नवा असावा. पाळी गेल्यावर कोरडेपणाने आग होत असेल तर फिजिओ पुरत नाही, डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेन देतात. अंग बरंच बाहेर येत असेल तर आधारासाठी पेसरी नावाची रिंग हा ऑपरेशनआधीचा एक पर्याय आहे.

काही लक्षणांत मात्र फिजिओची वेळ घेत बसू नका, थेट डॉक्टर गाठा: लघवीतून रक्त, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, तापासोबत लघवीला जळजळ, लघवी अजिबातच न होणं. कंबरदुखीसोबत दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीला बधिरपणा आला तर त्याच तासाला इस्पितळ.

पुढच्या भेटी सुरुवातीला आठवड्याने, मग दोन-तीन आठवड्यांनी असतात. दर दोन-तीन भेटींनी आकडे पुन्हा मोजायला सांगा. तीन महिन्यांनी वही पुन्हा भरा आणि जुनी शेजारी ठेवा. निरोपाच्या भेटीत मूत्राशय अर्धं भरलेलं असताना खोकायला आणि उड्या मारायला लावतात. पॅड कोरडं राहिलं तर व्यायाम दिवसातून एकदावर येतो, पण तो सोडायचा नाही. नवरात्रात गरबा खेळायचा असेल तर पहिली भेट जूनमध्ये घ्या. भाद्रपदात सुरू केलेला स्नायू घटस्थापनेपर्यंत तयार होत नाही.